लॉ सीईटी आणि क्लॅट : घड्याळ लावल्यावर गुण का घसरतात आणि सराव कसा करावा

बारावीनंतर पाच वर्षांच्या एलएल.बी.ला जायचे असेल तर महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी मुख्यतः दोन प्रवेश परीक्षा आहेत. एक राज्याच्या सीईटी कक्षाची एमएच-सीईटी लॉ. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस, आझम कॅम्पसमधील लॉ कॉलेज आणि राज्यातली इतर बहुतेक विधी महाविद्यालये यांचे प्रवेश तिच्यावर होतात. दुसरी क्लॅट. देशभरातल्या वीसहून अधिक राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही सामाईक परीक्षा, आणि त्यांपैकी तीन विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर.

या परीक्षांची माहिती आता घरोघर पोहोचली आहे. पुस्तके मिळतात, यूट्यूबवर शिकवण्या आहेत. तरीही दरवर्षी आम्ही एकच गोष्ट पाहतो. जून-जुलैमध्ये उत्साहाने सुरुवात केलेली मुले सप्टेंबरपर्यंत निम्म्याने कमी होतात. ती अभ्यासाला कंटाळलेली नसतात, मॉक टेस्टचे गुण त्यांना बाहेर काढतात. घरी बसून शांतपणे सोडवले तर शंभरातले ऐंशी बरोबर, आणि घड्याळ लावून दोन तास बसवले की पंचेचाळीस. दोन-तीनदा असे झाले की मुलगा म्हणतो, "सर, माझ्याने नाही होणार." मुलगी असेल तर बहुधा तेही म्हणत नाही. ती गप्प होते, आणि घरातली मोठी माणसे ठरवून टाकतात की हिला बी.ए.ला घालू या.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. घड्याळासमोर गुण घसरणे म्हणजे अक्कल कमी असणे नव्हे. त्याची कारणे वेगळी आहेत, ती मोजता येतात आणि बरीचशी दूर करता येतात.

दोन तासांचा हिशेब

एमएच-सीईटी लॉमध्ये पूर्वी १५० प्रश्न असत, आता १२० आहेत. वेळ १२० मिनिटे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी विभागणी अशी : कायदाविषयक कल ३२, सामान्यज्ञान व चालू घडामोडी २४, तर्क ३२, इंग्रजी २४ आणि गणित ८. परीक्षा संगणकावर होते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजीत असते, उर्दूत नाही.

क्लॅटमध्येही १२० प्रश्न आणि १२० मिनिटे. २०२४च्या क्लॅटपासून हा आकडा आला, त्याआधी १५० होते. पण सारखेपणा इथेच संपतो. क्लॅट फक्त इंग्रजीत असते, कागदावर असते, उत्तरे ओएमआर पत्रिकेवर गोल काळे करून द्यायची असतात, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण कापतात. शिवाय सगळे प्रश्न उताऱ्यांवर असतात. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा, तर्क, सगळीकडे सुमारे ४५० शब्दांपर्यंतचा उतारा आणि त्याखाली प्रश्न. गणितातसुद्धा आधी माहितीचा परिच्छेद वाचावा लागतो.

(दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट वेगळी. तिथे १२० मिनिटांत १५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद. ती देणाऱ्यांनी तिचा सराव वेगळा करावा.)

आता क्लॅटचा हिशेब कागदावर मांडू. एका उताऱ्यावर साधारण पाच प्रश्न धरले तर १२० प्रश्नांसाठी २४ उतारे. प्रत्येकी ४५० शब्द धरले तर जवळजवळ १०,८०० शब्द, आणि यात प्रश्न व पर्याय धरलेलेच नाहीत. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्या मुलाला नुसते वाचायला ५४ मिनिटे लागतात, विचार करायला ६६ उरतात. मिनिटाला १२० शब्द वाचणाऱ्याचे वाचनातच ९० मिनिटे जातात. उरलेल्या तीस मिनिटांत १२० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला १५ सेकंद. हा मुलगा कितीही हुशार असो, कायद्याचे त्याला कितीही कळत असो, पेपर पुरा होणारच नाही. उतारे थोडे लहान आले तरी चित्र फारसे बदलत नाही.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा इंग्रजी वाचनाचा वेग आमच्या पाहण्यात शंभर-सव्वाशेच्या आसपासच असतो. म्हणजे ज्याला आपण "वेळ पुरत नाही" म्हणतो, तो मुळात इंग्रजी वाचनाचा प्रश्न आहे, आणि त्यावर नुसत्या मॉक टेस्ट देत राहणे हा इलाज नाही. ताप आला की पुन्हा पुन्हा थर्मामीटर लावण्यासारखे ते होईल.

आधी निदान : दोन पेनांची पद्धत

जुना पेपर घ्या. क्लॅटचे मागील वर्षांचे पेपर परीक्षा घेणाऱ्या संघाच्या संकेतस्थळावर आहेत. दोन तासांचा गजर लावा आणि निळ्या पेनाने सोडवा. गजर वाजला की निळे पेन खाली ठेवा. पाणी प्या, नमाजची वेळ असेल तर नमाज पढून या. मग उत्तरसूची न पाहता हिरवे पेन घ्या आणि घड्याळ न लावता राहिलेले सगळे प्रश्न सोडवा. निळ्या पेनाने सोडवलेल्यांपैकी ज्यांची खात्री नव्हती तेही पुन्हा तपासा, उत्तर बदलावेसे वाटले तर हिरव्याने बदला. त्यानंतरच उत्तरे ताडून पाहा. दोन आकडे काढा : निळ्याचे गुण, आणि निळे-हिरवे मिळूनचे गुण.

समजा निळ्याचे ४८ आले आणि दोन्ही मिळून ८५. म्हणजे विषय येतो, ३७ गुण घड्याळाने नेले. या मुलाला वाचनाचा वेग आणि प्रश्न निवडण्याची सवय हवी.

समजा निळ्याचे ४८ आणि दोन्ही मिळून ५५. इथे घड्याळाला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसभर वेळ दिला तरी हा विद्यार्थी ५५वरच थांबणार. त्याने महिनाभर मॉक बंद ठेवून मूळ अभ्यासाकडे जावे : तर्काचे प्रकार, इंग्रजी आकलन, गणितातले शेकडेवारी-गुणोत्तर.

दोन्ही मुलांना क्लासमध्ये ४८ म्हणूनच एका ओळीत बसवतात, एकच सल्ला देतात, "आणखी मॉक द्या." एकाला तो सल्ला निम्मा उपयोगी, दुसऱ्याला मुळीच नाही. पालकांनी मुलाला "किती आले?" असे विचारण्याऐवजी "दोन आकडे काय?" असे विचारावे. एवढ्यानेही घरातले वातावरण बदलते.

आणखी एक खूण करायला सांगतो. पेपर सोडवताना दर तीस मिनिटांनी, जिथे असाल तिथे समासात एक आडवी रेघ मारा. नंतर पाहा. पहिल्या अर्ध्या तासात १८ प्रश्न, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३० आणि शेवटच्यात धडाधड ५० असे असेल, तर शेवटच्या ५०मधल्या चुका मोजा. बहुतेक गुण तिथेच सांडलेले सापडतील.

वेळ कुठे जातो

सर्वांत जास्त जातो तो मनातल्या मनात तर्जुमा करण्यात. इंग्रजी वाक्य वाचायचे, त्याचे उर्दू किंवा मराठी करायचे, मग समजायचे. असा प्रत्येक ओळीला दुहेरी प्रवास. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या मुलाचा डोळा इंग्रजीत अडखळतो, असे काही जण सांगतात. आम्हाला ते पटत नाही. उर्दू शाळेतली मुले पहिलीपासून इंग्रजीही वाचतातच. अडचण डोळ्याची नाही, ओळखीची आहे. जो शब्द शंभर वेळा भेटला तो तर्जुमा न करता कळतो, पहिल्यांदा भेटलेला थांबवतो.

म्हणून वाचन रोज हवे आणि एकाच वेळी ठरलेले हवे. फजरनंतर अर्धा तास, इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख किंवा एखादा लेख. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडायचा नाही, पेन्सिल ओळीखालून पुढे सरकत ठेवायची आणि मागे वळायचे नाही. संपल्यावर पुस्तक-कागद बंद करून लेखकाचे म्हणणे आपल्या भाषेत, उर्दूत किंवा मराठीत, दोन वाक्यांत लिहायचे. शब्द नंतर पाहायचे, आणि एका लेखातले पाचच. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी किंवा रविवारी, ४५० शब्द मोजून वेळ नोंदवायची. चार मिनिटांवरून तीन मिनिटांवर यायला दोन-तीन महिने लागू शकतात. धीर धरावा लागतो, इथे शॉर्टकट आम्हाला तरी माहीत नाही. "स्पीड रीडिंग"च्या नावाखाली महागडे कोर्स विकणाऱ्यांपासून लांब राहिलेले बरे.

दुसरी गळती जिद्दीची. शाळेची आणि बोर्डाची परीक्षा मुलांना शिकवते की पहिल्या प्रश्नापासून क्रमाने जा, काहीही सोडू नका, येईल तेवढे लिहा, परीक्षक गुण देईल. तिथे ते बरोबरच आहे. प्रवेश परीक्षेत अर्धवट विचाराला अर्धा गुण मिळत नाही. चार मिनिटे झगडून सोडवलेल्या कोड्याचा एक गुण आणि वीस सेकंदांत आलेल्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचाही एकच. वर्गातली पहिली येणारी मुले इथे जास्त अडकतात, कारण प्रश्न सोडून जाणे त्यांना कमीपणाचे वाटते. त्यांच्यासाठी नियम असा : एका प्रश्नावर दीड मिनिट झाले की खूण करून पुढे. खूण म्हणजे हार नाही, वेळ उरला तर परत यायचेच आहे.

तिसरी गोष्ट आपल्या मुलांच्या बाबतीत खास आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. क्लॅटच्या कायद्याच्या विभागात न्यायालयाचे निकाल आणि चालू वादांवरचे उतारे असतात. तिहेरी तलाक, पोटगी, हिजाब, वैयक्तिक कायदा, असा उतारा कधीही समोर येऊ शकतो. असा उतारा आला की आपला मुलगा विद्यार्थी राहत नाही, तो वकील होतो, तेही आपल्या घराचा. ऑगस्ट २०१७मध्ये शायरा बानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्या पतीला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. यावर उतारा असेल आणि प्रश्न असेल की "लेखकाच्या मते या कायद्यातली मुख्य त्रुटी कोणती?", तर उत्तर लेखकाच्या मते द्यायचे असते. खुत्ब्यात काय ऐकले, अब्बू काय म्हणाले, टीव्हीवर कोण ओरडले, यातले काहीही तिथे चालत नाही. मुले दुहेरी नुकसान करून घेतात. उत्तर चुकते, आणि उतारा पुन्हा पुन्हा वाचण्यात आठ मिनिटे जातात.

यावर उपाय म्हणजे असेच उतारे मुद्दाम सरावाला घेणे. घड्याळ लावून वाचावे आणि एका वाक्यात लिहावे : "या उताऱ्यात दिलेला नियम काय आहे?" तो नियम आपल्याला पटतो की नाही, ही चर्चा त्यानंतर दस्तरखानावर खुशाल करा. उद्या वकील झाल्यावर समोरच्या पक्षाचे म्हणणे शांतपणे वाचता यावे लागते, त्याची तालीम इथेच सुरू होते.

एमएच-सीईटीच्या कायदा विभागात मात्र थेट माहितीचे प्रश्नही येतात. तिथे जुनी पुस्तके घात करतात. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले. थोरल्या भावाची पुस्तके वापरताना एवढे तपासून घ्यावे.

पूर्ण पेपर लगेच नको

पहिल्याच आठवड्यात पूर्ण मॉक द्यायला बसवणे म्हणजे पोहायला न शिकलेल्याला विहिरीत ढकलणे. काही तरतात, हे खरे. बुडालेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

आमचा क्रम असा असतो. पहिले काही आठवडे एकेक उतारा, घड्याळाशिवाय, पण प्रत्येक उत्तराचे कारण लिहून. मग तोच प्रकार स्टॉपवॉच लावून, आणि इथे घड्याळ पुढे मोजणारे हवे. "किती लागले" हे पाहायचे, "किती उरले" हे नाही. मागे मोजणारे घड्याळ छातीत धडधड वाढवते, ते नंतर आणावे. त्यानंतर एका विभागाचा तीस-चाळीस मिनिटांचा सराव. हे जमू लागल्यावर आठवड्याला एक पूर्ण पेपर, आणि शेवटच्या दोन महिन्यांत दोन किंवा तीन. त्याहून जास्त नको, कारण दोन तासांच्या पेपरच्या तपासणीला तीन तास लागायला हवेत. तपासणीशिवाय दिलेला पेपर वाया गेला समजा.

तपासणीसाठी चुकांची वही ठेवा. प्रश्न, आपले उत्तर, बरोबर उत्तर, आणि चूक का झाली ते एका ओळीत : वाचनात चूक, नियम कळला नाही, घाई, उगाच शंका घेऊन उत्तर बदलले. ज्या घरात कोणी हिफ्ज केले आहे त्यांना ही वही वेगळी शिकवावी लागत नाही. मदरशात रोजचा नवा सबक असतो, अलीकडच्या सबकांची उजळणी असते आणि जुना आमोख्ता असतो. तिन्ही रोज. चुकांची वही तशीच चालवायची : आजच्या चुका लिहायच्या, गेल्या आठवड्याच्या वाचायच्या, महिन्यापूर्वीचे दोन-चार प्रश्न पुन्हा सोडवायचे. हाफिज मुलांची एका जागी दोन-दोन तास बसण्याची ताकदही या परीक्षेत फार कामाला येते, हे पालकांच्या लक्षात येत नाही.

पेपरमध्ये वेळ वाटून घेताना प्रत्येकाने आपल्या दोन-तीन पेपरांवरून ठरवावे. सुरुवातीला एमएच-सीईटीसाठी हे माप घेऊन पाहा : सामान्यज्ञान १० मिनिटे, इंग्रजी २०, कायदा ३५, तर्क ४०, गणित १०. पाच मिनिटे हातात उरतात. क्लॅटसाठी चालू घडामोडी १५, कायदा ३६, इंग्रजी २३, तर्क २८, गणित १३, इथेही पाच उरतात. चालू घडामोडींचे बरेच प्रश्न उतारा न वाचताही येतात. वर्षभर वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तिथे वेळेची बचत बक्षीस म्हणून मिळते. कोणत्या विभागापासून सुरुवात करायची हे आपल्या हातात आहे. ज्यात हात चालतो तिथून करावी, पहिल्या दहा मिनिटांत चार-सहा उत्तरे खात्रीची आली की श्वास जागेवर येतो.

अंदाजाचे गणित

एमएच-सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची दोन मिनिटे त्यासाठी राखून ठेवा. क्लॅटमध्ये मुले पाव गुणाच्या भीतीने वीस-तीस प्रश्न कोरे सोडतात. हिशेब पाहा. चारपैकी एकही पर्याय खोडता आला नाही आणि डोळे मिटून खूण केली, तर चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर येईल, तीन चुकतील : मिळाला १, गेले ०.७५. जवळजवळ बरोबरीचा सौदा, त्यासाठी वेळ घालवू नये. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले तर तीन प्रश्नांत सरासरी अर्धा गुण हाती लागतो. दोन पर्याय खोडता आले तर दोन प्रश्नांत पाऊण गुण. तेव्हा दोन खोडले असतील तर खूण करा आणि पुढे व्हा. दोन पर्यायांमध्ये तीन मिनिटे झुलत राहणे हेच सगळ्यात महाग पडते.

ओएमआर हीसुद्धा वेळेचीच बाब आहे. एक गोल नीट भरायला तीन-चार सेकंद, म्हणजे १२० गोलांना सहा ते आठ मिनिटे. शेवटी एकदम भरू म्हणणाऱ्यांचे हात थरथरतात आणि ओळ चुकते. एक उतारा संपला की त्याचे गोल भरून टाकावेत. पेनाने भरलेला गोल खोडता येत नाही, म्हणून घरच्या सरावातही ओएमआरची छापील प्रत वापरा. मोबाइलवर बोट लावून क्लॅटचा सराव होत नाही. उलट एमएच-सीईटी संगणकावर असते, तिचे काही पेपर तरी शाळेच्या संगणक कक्षात किंवा सायबर कॅफेत बसून, माऊस धरून द्यावेत.

घरातले दोन तास

आता पालकांशी. दोन खोल्यांचे घर, टीव्ही, लहान भावंडे, दारावरची बेल. मुलगा पेपर सोडवत असेल तर त्याला सहसा कोणी उठवत नाही. मुलगी असेल तर "बेटा, जरा चहा ठेव", "दार बघ", "मुन्नाला घे". चार वेळा उठलेल्या मुलीने दोन तासांचा पेपर दिलाच नाही, तिने अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार तुकडे दिले. त्या गुणांवरून तिची लायकी ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे. आठवड्यातून एक दिवस, दोन ते चार, तिला कोणी हाक मारायची नाही, एवढे घरात ठरवता येत नसेल तर क्लासच्या फीवर खर्च करूनही हाती फार काही लागणार नाही.

घरी शक्यच नसेल तर मोहल्ल्यातली अभ्यासिका, शाळेचा रिकामा वर्ग, सार्वजनिक वाचनालय. चार-पाच मुलींनी मिळून रविवारी एकत्र पेपर द्यावा, एखाद्या शिक्षिका आपांनी घड्याळ धरून बसावे. अनेक मशिदींच्या आणि जमातींच्या इमारतींत खोल्या दुपारी कुलूपबंद असतात. विश्वस्तांकडे महिन्यातले चार रविवार मागणे काही मोठी मागणी नाही.

दोन ते चार ही वेळ आम्ही मुद्दाम सांगतो. क्लॅट गेली काही वर्षे डिसेंबरच्या एका रविवारी दुपारी दोन ते चार होते. दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटण्याची ही वेळ. रोज रात्री अकराला सराव करणारे मूल या वेळेला ढेपाळते. जेवण हलके आणि आधी, असा नेम सरावातच बसवावा. एमएच-सीईटी उन्हाळ्यात असते आणि सध्याच्या वर्षांत रमजान त्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे बोर्डाची परीक्षा आणि सरावाचे दिवस एकाच वेळी. रोजे असताना पूर्ण पेपर सहेरीनंतर, फजर पढून लगेच द्यावा. असर-मगरिबच्या मधल्या वेळेत फक्त चुकांची वही वाचावी.

एक महत्त्वाची गोष्ट पालकांनी वेळीच पाहावी. मूल उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्हींत फार हळू वाचत असेल, अक्षरे उलटसुलट करत असेल, लहानपणापासून लिहिण्यात मागे आणि बोलण्यात हुशार असेल, तर ते अध्ययन अक्षमतेचे लक्षण असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये तिचा समावेश आहे. निकषात बसणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांना नियमाप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटे जादा मिळतात. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून काढावे लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच चौकशी करावी. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चष्मा लावण्याइतकीच ही साधी गोष्ट आहे.

पैशांचेही बोलायला हवे. क्लॅटचा फॉर्मच गेली काही वर्षे खुल्या गटासाठी ४,००० रुपयांचा आहे, त्यावर क्लासची फी. परिस्थिती बेताची असलेल्या मुलांसाठी कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांनी २०१०मध्ये 'इडिया' ही संस्था सुरू केली. बशीर २०१९मध्ये गेले, संस्थेचे काम चालू आहे. वंचित घरांतल्या मुलांना निवडून ती क्लॅटची तयारी करून घेते. ज्या घरांत आजवर कोणी वकील झालेला नाही, त्यांनी तिथे जरूर चौकशी करावी.

डिसेंबरच्या क्लॅटमध्ये नाव आले नाही तरी त्याच तयारीवर उन्हाळ्यात एमएच-सीईटी देता येते, आणि तीही हुकली तर पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी आहेच. तिची विभागणी वेगळी असते : गणित नाही, इंग्रजी आणि सामान्यज्ञान जास्त. हे आधीच माहीत असलेले मूल मॉकच्या एका आकड्याने मोडत नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवा पेपर देऊ नये. चुकांची वही वाचावी, केंद्र आधी जाऊन पाहून यावे, त्या वर्षाची माहितीपुस्तिका आणि हॉल तिकिटावरच्या सूचना पुन्हा वाचाव्यात, कारण सोबत काय नेता येते याचे नियम बदलत असतात. डिसेंबरात जोहरची वेळ आपल्याकडे साडेबाराच्या आसपास सुरू होते. केंद्राजवळची मशीद किंवा नमाजची जागा आदल्या दिवशीच पाहून ठेवावी, जोहर पढूनच आत जावे. कोकणातल्या शाफई मुलांची असर पेपर चालू असतानाच सुरू होते, पण मगरिबपर्यंत अवकाश असतो. चार वाजता बाहेर आल्यावर ती आरामात पढता येते, त्यामुळे शेवटची पंधरा मिनिटे मन त्यात अडकवू नये. आणि बाहेर येताच फाटकापाशी कोणाशी उत्तरे ताडत बसू नये.